गाळणीसरांचा चौथा प्रश्न

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चहाची गाळणी असायची. साधी स्टीलची, दांडा खिशाबाहेर आलेला. नव्या मुलांना आधी वाटायचं, घरून निघताना चुकून आली असेल. मग आठवडा जायचा, गाळणी तिथंच असायची, आणि मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजायचं, "काय बे, हे सर बरे आहेत ना?" बरे होते. आमच्या अख्ख्या कॉलेजात तेवढे एकच बरे होते असं माझं मत आहे आणि ते मी प्राचार्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्यांच्याच लॅबमध्ये त्यांच्या हाताखालची मास्तरीण. इलेक्ट्रॉनिक्सला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग नावाचा एक विषय असतो, त्याचं नाव ऐकूनच पोरं धास्तावतात. त्यात फिल्टर डिझाइन करायचे असतात. म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, त्यातला हवा तो भाग ठेवायचा आणि नको तो काढून टाकायचा. पुस्तकात हे सांगायला पानंच्या पानं गणित घातलेलं असतं. सर पहिल्या तासाला लॅबमध्ये चहा करायचे.

शेगडीवर मोठं पातेलं. चहा उकळला की आधी तो भज्यांच्या झाऱ्यातून ओतायचे. सगळी पत्ती कपात. मग खिशातल्या गाळणीतून. बारीक भुकटी तेवढी खाली. मग पंच्याची तीन पदरी घडी करून त्यातून. आता चहा थेंब थेंब पडायला लागायचा आणि अख्खा वर्ग त्या थेंबांकडे बघत बसायचा. कप भरेस्तोवर सर काही बोलायचे नाहीत. मग पहिल्या बाकावरच्या पोराच्या हातात कप द्यायचे.

"बघ. एक कण खाली आला न्हाय. पी आता. कसा हाय?"

"सर, गार झालाय."

"मग! गाळनी जितकी बारीक तितकं थांबावं लागतंय. एवढं कळलं असंल तर सेमिस्टर संपलं, जावा घरी."

घरी कुणाला जाता यायचं नाही, पुढं चार महिने गणित होतंच. पण त्या गार चहाची चव मी काही विसरले नाही. विसरले, खरं म्हणजे, एकदाच. ते पुढं सांगते.

सर मूळचे पंढरपूरजवळच्या करकंबचे. सोलापुरात येऊन उभा जन्म गेला, पण बोलणं करकंबचंच राहिलं. आमच्याकडचे बाकीचे प्राध्यापक पुण्याला चार दिवस ट्रेनिंगला जाऊन आले की 'आपण बघूयात' वगैरे बोलायला लागायचे. ह्यांच्या 'हाय' आणि 'न्हाय'ला कुणी धक्का लावू शकलं नाही. इंग्रजीतसुद्धा वाक्याच्या शेवटी 'की' यायचा. परिषदेत कुणा मोठ्या माणसाच्या फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "सर, धिस इज अनस्टेबल की." आणि ती होती अनस्टेबल.

त्यांनी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं, फिल्टर डिझाइन करायचं. नाव अर्थातच 'गाळणी'. करड्या रंगाची एक खिडकी उघडायची आणि तिच्यात चार प्रश्न यायचे, एकाखाली एक:

काय ठिवायचंय?
काय टाकायचंय?
थोडं कमीजास्त झालं तर चालंल का?
किती वेळ थांबताय?

बास. जगातलं प्रत्येक फिल्टरचं सॉफ्टवेअर हेच चार प्रश्न विचारतं, फक्त इंग्रजीत आणि ग्रीक अक्षरं लावून. ह्या चार चौकटी भरल्या की गाळणी गणित करून फिल्टरचे आकडे काढून द्यायची. पण एखाद्यानं सगळंच मागितलं, म्हणजे हवं ते सगळं ठेवा, नको ते मुळासकट काढा, कमीजास्त अजिबात नको आणि थांबणारही नाही, की लाल अक्षरात ओळ यायची: "लई हावरट हाय की तुमी." आणि एखादी चौकट रिकामी सोडून कुणी घाईनं बटण दाबलं की यायचं: "आदी ऐकू तर द्या की!" ही दुसरी ओळ त्यांची स्वतःचीच. स्टाफ मीटिंगमध्ये कुणी प्रश्न पुरता मांडायच्या आत दुसरा कुणी उपाय सांगायला लागला की सर टेबलावर थाप मारून हेच म्हणायचे. पोरं तर शिव्या खायला मुद्दाम चुकीचं भरायची. एकानं 'लई हावरट' मोबाइलच्या पडद्यावर लावलं होतं आणि ते बघून त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी चौकशी केली होती म्हणे.

मग एकदा कॉलेजला तपासणी समिती आली. समितीचे प्रमुख फार गंभीर गृहस्थ. लॅब दाखवता दाखवता प्राचार्य त्यांना गाळणीपासून लांब नेत होते आणि ते नेमके तिकडंच वळले. खुर्चीत बसले. चारी चौकटी भरल्या. बटण दाबलं. आणि स्वतःच्याच तोंडानं, शब्द जुळवत, मोठ्यानं वाचलं, "लई… हावरट… हाय की… तुमी."

प्राचार्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे मला म्हणतंय का?" प्रमुखांनी विचारलं.

"न्हाय साहेब," सर म्हणाले, "समद्यांनाच म्हणतंय. मलाबी लई वेळा म्हणलंय."

गृहस्थ असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढचा अर्धा तास ते तिथून उठलेच नाहीत; समितीतले बाकीचे लोक ताटकळत उभे. जाताना पेन ड्राइव्हवर गाळणी घेऊन गेले. अहवालात मात्र लिहिलंच की कॉलेजनं मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर घ्यावं. घेतलं. परदेशी, रंगीत, आलेख फिरवून फिरवून बघता येणारं.

मला वाटलं सर रुसतील. कसले रुसतायत! लहान मुलासारखे दोन दिवस त्याच्यासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी झकास हाय. पण ह्यात समदी उत्तरं आदीच भरून ठिवल्यात. पोरं निस्तं ओके दाबत्याल." आणि झालंही तसंच. प्रश्न काय होता हे न वाचताच पोरं ओके दाबायला लागली. सगळ्यांचे आलेख मात्र सुरेख.

सरांना जग कानानं कळायचं. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. एकदा पॅन्टपीस घ्यायला आले. रंग बघितला नाही, भाव विचारला नाही, ठाण हातात घेतलं आणि कापड कानाशी धरून दोन बोटांत चोळलं. मग म्हणाले, "थोडं फाडून दावा की." बाबांनी कोपऱ्यावर कात्री लावून टर्रकन फाडलं. सर डोळे मिटून ऐकत होते. "ह्येच द्या," म्हणाले. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "कापड डोळ्यांनी बघणारं गिऱ्हाईक पाहिलं, हातानं बघणारं पाहिलं. कानानं बघणारं हे पहिलंच." पण पुढं म्हणाले, "आणि निवडलं मात्र बरोबर."

माणसांचेही त्यांनी फिल्टर पाडले होते. गेटवरचा म्हातारा वॉचमन 'लो-पास', म्हणजे जाड, घुमे आवाज तेवढे जाऊ देणारा, कारण त्याला फक्त ट्रक आल्याचं कळायचं. प्राचार्य 'हाय-पास', तक्रारीचा बारीकसा सूरही त्यांच्यापर्यंत पोचायचा आणि बाकी काहीच पोचायचं नाही. आणि समस्त नवरे 'नॉच'. नॉच म्हणजे सगळं जाऊ देणारा आणि मधली एकच बारीक फट तेवढी गाळणारा फिल्टर. "नवऱ्याला समदं ऐकू येतंय," सर सांगायचे, "निस्ता बायकूचा आवाज गाळला जातोय." मुली खो खो हसायच्या.

त्यांच्या शेवटच्या एकदोन वर्षांत तऱ्हा आणखी वाढल्या. प्रश्न विचारायचा असेल तर उठून फळ्यावर लिहायचा, असा नियम निघाला. म्हणजे नियम सगळ्यांना, पण मुलग्यांनी जागेवरून विचारलं तर चालून जायचं आणि मुलींना मात्र, "जा, फळ्यावर लिही." मी एकदा भांडलेसुद्धा. "सर, हा कसला भेदभाव?" त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "अक्षर सुदारतंय." चक्रम माणसाचं हेच वाईट असतं. त्याला खरोखर काही झालं तरी लोकांना ती आणखी एक तऱ्हा वाटते.

निवृत्तीला महिना राहिला असेल. एका दुपारी सर वर्गात होते आणि काकू लॅबमध्ये आल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलुखातलं. डबा माझ्यापुढं ठेवला. कडक भाकरी, शेंगाची चटणी. आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"तू त्यांची लाडकी ना? मग सांग, माझं काय चुकलं?"

"काय झालं काकू?"

"माझ्याशी बोलत नाहीत गं. दोन वर्षं झाली. मी काही विचारलं की उत्तर नाही. तुमच्याशी बोलतात, शेजारच्या कारखान्याच्या मालकाशी बोलतात, रिक्षावाल्याशी तर उतरल्यावर पण बोलतात. मीच एक नको. मग मी पण सोडलं बोलायचं. साकु, म्हटलं. पुरे झालं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पण आता महिन्यानं घरीच बसणार. मुलगा लांब. दोघांनी काय भिंतीकडं बघत बसायचं? मला त्यांच्याशी बोलायचंय गं. बाकी काही नको मला."

काकूंचा आवाज मी तोवर कधी नीट ऐकला नव्हता. बारीक, हळुवार. शांत लॅबमध्येसुद्धा मला पुढं वाकावं लागलं. पुढं वाकले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फळ्यावर लिहायला लावलेल्या मुली. माझ्या तोंडाकडे लावलेली टक. मी म्हटलं, "काकू, ते रुसलेले नाहीत. त्यांना तुमचं ऐकूच येत नाही."

काकू आधी रडल्या. मग भयंकर चिडल्या. "मग मला सांगायचं नाही? मी काय परकी?" मग त्यांना हसू आलं. "म्हणजे दोन वर्षं मी उगाच रुसले?"

सर तास संपवून आले आणि आम्हा दोघींना बघून दारातच थांबले. मी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. सर टेबलाकडं गेले, खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. कानाच्या डॉक्टरकडचा आलेख. रेघ सरळ चाललीय, चाललीय, आणि बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांपाशी खोल खड्ड्यात जाऊन परत वर आलीय.

"बघ," सर म्हणाले, "कसला देखणा नॉच हाय."

आणि हसायला गेले, पण ते काही त्यांना जमलं नाही. खाली बसले.

शिकताना फीसाठी सरांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम केलं होतं. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, तरी घर त्याच गल्लीत घेतलं. भिंतीला भिंत लावून यंत्रमाग. त्या खडखडाटानं कानाचा तेवढाच भाग खाल्ला ज्यात काकूंचा आवाज बसायचा. माग ऐकू यायचे, रिक्षा ऐकू यायची, काकू नाही. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते सगळंच मोठं करायचं, मागासकट. घरात ते लावलं की कारखाना डोक्यात शिरायचा. म्हणून ते खणात पडलं होतं, जादाच्या गाळणीशेजारी.

"अहो, पण मला सांगायचं तरी," काकू म्हणाल्या. मी ते सरांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं.

"काय सांगू?" सर म्हणाले. "जन्मभर लोकांना ऐकू तर द्या, ऐकू तर द्या करत आलो. आता मलाच ऐकू येत न्हाय म्हनून कुनाला सांगू? आन् तू गप झालीस. मला वाटलं, तूच रागावलीस."

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "विचार त्यांना, मी गप झाले हे कसं कळलं?" मी विचारलं. सर म्हणाले, "व्हट हालायचं बंद झालं की."

मला दोघांचाही इतका राग आला की काय सांगू. शहाणी माणसं! मी तिथल्या तिथं जाहीर केलं की यंत्र आम्ही बनवणार. आपली लॅब, आपली पोरं, आपलं महागडं सॉफ्टवेअर; सरांच्या एका कानापुढं हे सगळं काय पूजेला ठेवायचंय? सर म्हणाले, "बनवा की. मी मदी पडनार न्हाय."

शेवटच्या वर्षाची तीन पोरं घेतली. काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांचं बोलणं मागाच्या आवाजासकट रेकॉर्ड केलं. मग रंगीत सॉफ्टवेअर. मागाच्या खडखडाटाचे जितके पट्टे दिसत होते तितके एकेक करून कापायचे आणि काकूंचा आवाज वर उचलायचा. आलेखाची धार थोडी तिरकी दिसली की आम्ही फिल्टर आणखी मोठा करायचो. आणखी मोठा. आणखी. शेवटी कडा अशी उभी आली की किल्ल्याची भिंत. रेकॉर्डिंग त्यातून काढलं आणि लॅबमध्ये टाळ्या पडल्या. माग गायब! नुसत्या काकू. स्वच्छ, काचेसारख्या. "मी काय बोलू बाई? चहा घेणार का?"

कॉलेजला सुट्टी होती, कारखान्यांना नव्हती, अशा एका सकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो. फोनमध्ये फिल्टर, खिशावर गाळणीशेजारी चिमुकला माइक, कानात बिनतारी इअरफोन. भिंतीपलीकडं माग धडाधड चाललेले. काकू नवी साडी नेसून समोर बसलेल्या, जणू बघायला पाहुणे आलेत.

"ऐकू येतंय का?" काकूंनी विचारलं.

सर तसेच बसून. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"येतंय की!" असं ते म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. कारण स्वतःचं बोलणंही माइकातून फिरून, उशिरानं, त्यांच्याच कानात आलं आणि जीभ अडखळली. "येतं… तंय… की… ये…"

"अय्यो!" काकू ओरडल्या. "आधी नुसतं ऐकू येत नव्हतं, आता बोलता पण येईना!"

पोरं घाबरून फोनची बटणं दाबायला लागली. काकूंनी मात्र धीर सोडला नाही. "चहात साखर किती घालू? आणि ही पोरं जेवून जाणार ना?"

"एक चमचा," सर म्हणाले.

"पोरांना एक चमचा?"

"व्हय, जेवून जात्याल."

"कोण, साखर?"

असं बराच वेळ चाललं. काकूंचा प्रश्न पुढं, सरांचं उत्तर मागं. एकमेकांना गाठच पडेना. आवाज स्वच्छ होता, एक कण माग त्यात नव्हता. फक्त तो अर्ध्या सेकंदानं शिळा होऊन येत होता. अर्धा सेकंद म्हणजे काय, असं वाटतं. दोघांना बोलायचं असेल तर तो फार मोठा असतो.

सरांनी इअरफोन काढले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"चवथा प्रश्न इचारला व्हता का?"

जो प्रश्न मी शिकताना वाचला, मग स्वतः शिकवला, तो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. रेकॉर्डिंगला कुठं घाई असते! ते बसतं वाट बघत.

"तीन पदरी फडकं लावलंस की गं," सर म्हणाले, आणि आता मात्र मनापासून हसले.

मग आत जाऊन आपला जुना लॅपटॉप घेऊन आले. गाळणी उघडली. शेजारी स्टूल ओढून काकूंना बसवलं. "हीच सांगंल. आवाज हिचा हाय." सर एकेक प्रश्न वाचायचे, काकू उत्तर द्यायच्या, आणि मी ते सरांच्या कानाशी मोठ्यानं सांगायचे.

"काय ठिवायचंय?"

"माझं बोलणं. आणखी काय?"

"काय टाकायचंय?"

"तो मेला खडखडाट."

"थोडा ऱ्हायला तर चालंल का?"

काकूंनी नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं. "चालेल. इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला, तो काय सगळं गाळून घेऊन केला?"

पोरं हसली. सर हसून चौकट भरायला लागले, बरीच सढळ भरली. मग चौथा.

"किती वेळ थांबताय?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग त्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं थांबले की. आता मी अजिबात थांबणार नाही."

हे मी मोठ्यानं सांगायचं होतं. सर वाट बघत होते. शेवटी सांगितलं. सरांनी मान हलवली, चष्मा वर केला आणि चौकटीत चालेल तितका लहान आकडा भरला. बटण दाबताना आम्ही सगळे पडद्यावर वाकलो होतो, आता लाल अक्षरं येणार म्हणून. आली नाहीत. काकूंनी तिसऱ्या प्रश्नात एवढी ढील दिली होती की चौथ्यात गाळणीला भांडायला जागाच उरली नाही.

फिल्टर निघाला एवढासा. आमच्या किल्ल्यापुढं अगदीच कुंपण. सरांनी बिनतारी इअरफोन बाजूला ठेवायला लावले, "तेबी वाटंत टाइम खात्यात," आणि साधे वायरचे लावले. मग म्हणाले, "माझं डोळं लबाड झाल्यात, व्हट वाचत्यात." आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. त्याच भिंतीकडं, जिच्यामागं माग चालले होते.

काकू आमच्यामागं ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या हळूच काहीतरी बोलल्या, कानडीत. मला कानडीचे चारच शब्द येतात, त्यामुळं काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. पण सरांनी भिंतीकडं बघतच, तिथल्या तिथं, काकूंकडून उचललेल्या आपल्या करकंबी कानडीत उत्तर दिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मागून मला सरांचे फक्त कान दिसत होते आणि ते लालभडक झाले होते. एक पोरगं म्हणालं, "मॅडम, चाललं?" मी म्हटलं, "गप बस रे."

खडखडाट थोडा येतच होता, सर म्हणाले नंतर. "असू दे. तेवढा चालतोय."

ह्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. सर निवृत्त झाले, लॅब माझ्याकडं आली. पहिल्या तासाला मी चहा करते आणि पोरं माझ्याबद्दल कुजबुजतात. रंगीत सॉफ्टवेअर आहेच, पण आधी गाळणीत चारी चौकटी स्वतःच्या हातानं भरल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा मी नियम केलाय. अर्थात तऱ्हेवाईक म्हणतात मला. म्हणू देत.

परवा लॅबमध्येच काकूंचा फोन आला. आवाज तोच, बारीक, पण आता त्यात चांगलीच धार.

"अगं, ते तुमचं चौथं काय विचारतं ना? किती वेळ थांबता म्हणून?"

"हो काकू. का? उशिरा ऐकू येतंय का पुन्हा?"

"उशिरा कसलं! माझं वाक्य संपायच्या आत ह्यांचं उत्तर तयार. सकाळपासून एक गोष्ट मला धड पुरी करू दिली नाही. आधी ऐकून तर घ्या म्हटलं, तर त्यालासुद्धा उत्तर आहे. त्या चौकटीत थोडं वाढवून दे बाई."

मागून सरांचा आवाज आला, "काय वाडवायचं न्हाय! मला समदं ऐकू येतंय!"

मी हसत हसत विचारलं, "काकू, किती वाढवू?"

काकूंनी थोडा विचार केला.

"बघ आपलं," त्या म्हणाल्या. "चहा गार होणार नाही एवढंच."